आपल्याच लाइनीतले सेनापती

कल्याण-शीळ रोडवर ‘टाटा पॉवर’ नावाचा स्टॉप आहे. तिथे रिक्षा पकडताना टाटांच्या विजेपायी कुणाची शेतं बुडाली, हे कधी डोक्यातच आलं नाही. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना सेनापती बापट म्हणजे दादरचा रस्ता!

पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०, पारनेर. स्कॉलरशिपवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले, म्हणजे आपल्याच लाइनीतले. तरी मुंबईच्या विजेसाठी मुळशीला धरण सुरू झालं, तेव्हा १९२१ मध्ये ते मावळातल्या शेतकऱ्यांसोबत सत्याग्रहाला बसले. ‘सेनापती’ तिथलेच. पुढे बांधकामाची रेल्वे अडवली म्हणून सात वर्षं तुरुंग. धरण झालंच. पूर्वेला वाहणारं मुळेचं पाणी आजही पश्चिमेला घाट उतरून भिऱ्याचे टर्बाइन फिरवतं. भाताची खाचरं तळाशी.

१९६७ मध्ये बापट गेले. सबमिशनच्या रात्री हॉस्टेलची लाइट गेली की मी अजून चिडते, पण आधी मुळशी आठवतं.