प्रश्नांचे राखणदार : दादासाहेब मावळंकर

लोकसभेचे पहिले अध्यक्ष कोण? गाळलेली जागा, एक गुण. आमच्या १९९५ च्या दहावीच्या तुकडीत हे उत्तर न येणारे कोणी नव्हते. ग. वा. मावळंकर असे लिहायचे, गुण घ्यायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी जोडून येणाऱ्या नागरिकशास्त्राकडून आपली अपेक्षाही तेवढीच असायची. पण या माणसाने केलेले काम त्या एका गुणात मावणारे नाही. शिवाय त्यांचे घराणे आपल्याच जिल्ह्यातले आणि शाळेतली सुरुवातीची वर्षे राजापुरातली. म्हणून स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा त्यांच्याविषयीच लिहावे असे मनात आले.

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याचा. मूळ गाव संगमेश्वराजवळचे मावळंगे, आडनाव त्यावरूनच पडले. राजापूर आणि मुंबई इलाख्यातल्या इतर काही गावांत शालेय शिक्षण झाल्यावर १९०२ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादला गेले आणि तिथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये विज्ञान विषय घेऊन ते बी. ए. झाले. १९१२ मध्ये मुंबईत कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी अहमदाबादला वकिली सुरू केली. घरात मराठी, कामात गुजराती आणि कोर्टात इंग्रजी असा त्यांचा संसार होता. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत.

वकिली चांगली चालली होती, पण गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्या सहवासात आल्यावर ती मागे पडत गेली. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात त्यांनी काम केले. १९१९ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून आले आणि पुढे दोनदा तिचे अध्यक्ष झाले. पाणी, गटारे, रस्ते, कर, शाळा यांचा कारभार त्यांनी खुर्चीत बसून पाहिला. अर्ज कुठे अडतो, फाइल कोणाच्या टेबलावर झोपते, हे त्यांना ऐकीव माहितीवरून कळलेले नव्हते. स्वातंत्र्याच्या लढ्यात मिळून जवळजवळ सहा वर्षे ते तुरुंगात होते. तिथे खून-दरोड्याच्या शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशी त्यांनी मैत्री केली, त्यांच्या हकिकती ऐकल्या आणि त्यांवर ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक लिहिले. समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

त्यांनी पुढे काय केले हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे. सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याकडे आयता आलेला नाही. १८६१ च्या कायद्याने जी कायदे मंडळे आली त्यांनी फक्त कायदे करायचे, सरकारला जाब विचारायचा नाही, असा दंडक होता. १८९२ च्या कायद्याने पहिल्यांदा प्रश्न विचारायची मुभा दिली. पण उत्तर मिळाले की विषय संपला, त्यावर उपप्रश्न नाही. १८९३ मध्ये भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला तो साहेब लोकांच्या दौऱ्यांविषयी. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना शिधासामग्री पुरवताना गावातले दुकानदार मेटाकुटीला येतात, त्याचे काय, असा त्याचा आशय. म्हणजे आपल्या देशातला पहिला प्रश्नच मुळी कारभाराविषयी होता! १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला. पुढे १९१९ च्या सुधारणांनंतर तो सर्व सदस्यांना मिळाला. तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नापुढे तारा छापायची पद्धत १९२१ पासूनची. तारांकित प्रश्न हा आपण बातम्यांत ऐकतो तो शब्द तिथून आला.

तरीही एक मोठे दार बंदच होते. परकी राष्ट्रांशी किंवा संस्थानिकांशी सरकारचे जे संबंध, त्यांविषयी सदस्यांनी विचारायचेच नाही, असा नियम होता. शिवाय उत्तर देणारा सरकारी सभासद सभागृहाला जबाबदार नव्हता. उत्तर कितीही लाजिरवाणे निघाले तरी त्याची खुर्ची हलत नसे.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात निवडणुका होऊन बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि विधानसभेच्या अध्यक्षपदी मावळंकर निवडले गेले. आयुष्यभर काँग्रेसचे काम केलेला माणूस आता काँग्रेसच्याच मंत्र्यांसमोर पंच म्हणून बसला होता, आणि विरोधी बाकांवर डॉ. आंबेडकरांसारखे कायदेपंडित होते. पुढे दिल्लीत जे करायचे त्याची तालीम या सभागृहात झाली.

जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदे मंडळाच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले. सरकारचा कल सर कावसजी जहांगीर यांच्याकडे होता. मावळंकरांना ६६ आणि कावसजींना ६३ मते पडली. इंग्रजी अमदानीतल्या त्या सभागृहाचे ते शेवटचे अध्यक्ष ठरले.

१५ ऑगस्ट १९४७ ला ते सभागृह संपले. घटना समिती होती, पण ती घटना लिहीत होती. मग रोजचे कायदे कोण करणार आणि मंत्र्यांना प्रश्न कोण विचारणार? याचा विचार करणाऱ्या समितीचे प्रमुख मावळंकरच होते. घटना लिहिण्याचे काम आणि कायदे मंडळाचे काम वेगळे करावे, अशी शिफारस या समितीने केली. त्याप्रमाणे १७ नोव्हेंबर १९४७ रोजी घटना समितीच्या कायदे मंडळ या रूपाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, निर्वासितांचे तांडे येत असतानाही देशात मंत्र्यांना उभे राहून उत्तर द्यावे लागत होते. याचे श्रेय बऱ्याच अंशी या व्यवस्थेला जाते.

१९५२ च्या पहिल्या लोकसभेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली, ती दोन मराठी माणसांत. शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे यांना ५५ मते मिळाली आणि मावळंकरांना ३९४.

आता खरे काम सुरू झाले. एखादा प्रश्न कसा प्रवास करतो ते पाहा. खासदार लेखी सूचना देतो. अध्यक्षांचे सचिवालय ती तपासते. त्यात टोमणा नको, आरोप नको, नुसते मत विचारणे नको, न्यायालयातला विषय नको, मित्रराष्ट्राचा उपमर्द नको. प्रश्न मान्य झाला की मंत्रालयात जातो. तिथून विभागाकडे, गरज पडली तर राज्याकडे आणि पार जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत माहिती मागवली जाते. ठरलेल्या दिवशी मंत्री उभा राहतो, छापील उत्तर देतो आणि मग येतात उपप्रश्न. ते आधी कळवलेले नसतात. मंत्र्याला आपले खाते माहीत आहे की सचिवाने लिहून दिलेला कागद तो वाचतो आहे, हे तिथेच उघडे पडते. एका प्रश्नाने झोपलेल्या किती फायली जाग्या होत असतील, याचा हिशेब सरकारी कचेरीत काम करणारे आपले वर्गमित्र अधिक चांगला सांगतील.

परराष्ट्र धोरणाचे बंद दारही आता उघडले होते. १९४७ ते १९६४ पंतप्रधान नेहरू स्वतःच परराष्ट्रमंत्री होते. त्यामुळे काश्मीर, पाकिस्तान, चीन, दक्षिण आफ्रिकेतले भारतीय, यांपैकी कशाविषयीही विचारले की उत्तर देण्याची जबाबदारी पंतप्रधानांच्याच खात्यावर येई. आपल्या भागातल्या माणसांना जवळचे उदाहरण गोव्याचे. आज सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचता येते, तो गोवा तेव्हा परदेश होता आणि लोकसभेत परराष्ट्र खात्याचा विषय होता. १९५५ च्या सत्याग्रहात लोकसभेचे सदस्य त्रिदिब चौधरी पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले. आपलाच एक सहकारी परक्या तुरुंगात असताना सभागृहाने शांत डोक्याने प्रश्न विचारायचे आणि सरकारने वाटाघाटींना धक्का न लावता उत्तर द्यायचे, ही तारेवरची कसरत होती. सार्वजनिक हिताचे कारण देऊन मंत्री एखादी माहिती नाकारू शकतो, आणि अध्यक्ष त्याला सक्ती करू शकत नाही. पण नाकारले हे सर्वांसमोर सांगावे लागते, आणि ते नोंदले जाते. विचारायचीच बंदी असणे आणि विचारल्यावर नकार मिळणे, यांत मोठे अंतर आहे.

उत्तर अपुरे वाटले तर त्यावर अर्ध्या तासाची चर्चा मागण्याची सोयही त्यांच्या काळातल्या नियमांत आली. पण मला स्वतःला त्यांची सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे १९५३ मध्ये नेमलेली आश्वासन समिती. मंत्री पुष्कळदा म्हणतात : चौकशी करू, माहिती मागवू, विचार करू. सभागृह पुढच्या प्रश्नाकडे वळते आणि ते बोलणे हवेत विरते. ही समिती कामकाजाच्या अहवालातून अशी प्रत्येक आश्वासने वेचून काढते, यादी करते आणि अमुक दिवशी दिलेल्या शब्दाचे काय झाले म्हणून खात्याला विचारते. मी गेली वीस-बावीस वर्षे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिला क्रमांक मिळतो, आणि बघतो असे म्हटल्याने ती बंद होत नाही. काम झाल्याचे दाखवावे लागते. हीच शिस्त संगणक नसलेल्या काळात, वह्या आणि फायलींवर, एका वकिलाने देशाच्या मंत्रिमंडळाला लावून दिली.

पैशाच्या बाबतीतही तेच. लोकलेखा समितीचे प्रमुखपद पूर्वी खुद्द अर्थखात्याच्या प्रमुखाकडेच असे. म्हणजे ज्याचा हिशेब त्यानेच तपासायचा! १९५० पासून ही समिती अध्यक्षांच्या देखरेखीखाली आली आणि त्याच वर्षी खर्चात काटकसर सुचवणारी अंदाज समितीही सुरू झाली.

प्रश्न हे हत्यार आहे तसे ते विकताही येते, हेही त्यांच्याच काळात दिसले. १९५१ मध्ये मुद्गल नावाच्या सदस्याने मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून पैसे घेऊन त्यांच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचा आरोप झाला. ते सत्ताधारी काँग्रेसचेच होते. सभागृहाची समिती नेमली गेली, आरोप खरा ठरला. त्यांना काढून टाकण्याचा ठराव स्वतः नेहरूंनी मांडला आणि तो येताच मुद्गल यांनी राजीनामा दिला.

मावळंकरांवर टीका झाली नाही असे नाही. स्वराज्यात स्थगन प्रस्ताव ऊठसूट आणू नयेत, सरकारला गाठायला इतर मार्ग आहेत, असे त्यांचे मत होते. असे प्रस्ताव ते क्वचितच मान्य करीत. विरोधकांना हे पटत नसे. शिवाय इंग्लंडच्या प्रथेप्रमाणे अध्यक्ष झाल्यावर पक्ष सोडायला हवा होता, तो त्यांनी सोडला नाही. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. त्या वेळी उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार खुर्चीवर बसले. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना पक्षादेशाचे बंधन नसल्याचे सांगितले. ठराव फेटाळला गेला, पण अध्यक्षालाही जाब विचारता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आयुष्यभर इतरांना उत्तरे द्यायला लावणाऱ्याच्या वाट्याला हे यावे, यात मला काही अन्याय वाटत नाही.

आणि ते सरकारच्या मुठीत होते असेही म्हणता येत नाही. संसदेला बाजूला ठेवून सरकार अध्यादेश काढते, याबद्दल त्यांनी नेहरूंना १९५४ मध्ये पत्र लिहून स्पष्ट नापसंती कळवली. नेहरूंचे सगळे उत्तर त्यांना पटले नाही आणि अध्यादेशही थांबले नाहीत. ती तक्रार आजही जुनी झालेली नाही.

जानेवारी १९५६ मध्ये बिहारच्या दौऱ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादला त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर बिनविरोध निवडून गेल्या. पुढे मुलगा पुरुषोत्तम अपक्ष खासदार झाला आणि आणीबाणीच्या दिवसांत, बहुतेक आवाज बंद असताना, लोकसभेत उभा राहून तिच्याविरुद्ध बोलला. ज्या सभागृहाची घडी वडिलांनी बसवली, तिथे मुलाने ती वापरून दाखवली.

आज लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत असतात. वेळ गोंधळात गेली तर त्या वीसपैकी मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. प्रत्येक खासदाराने काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, हे आता लोकसभेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आपल्या मतदारसंघाच्या खासदाराचे नाव घालून या पाच वर्षांतले प्रश्न एकदा वाचावेत, अशी माझी सगळ्या वर्गमित्रमैत्रिणींना विनंती आहे. बंदर, रेल्वे, आंबा, मासेमारी, यांतले काय विचारले गेले आणि काय राहिले, ते लगेच कळेल. राहिलेले त्यांना लिहून कळवायला पोस्टकार्डही पुरते.