जिमी हेंड्रिक्स आणि अकरा भागांची डबी

तंबोरा सुरात लावला म्हणजे काम संपत नाही; त्याची जवारी लावावी लागते. घोडीच्या माथ्यावर कानस फिरवून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण सरळ स्वराला मुद्दाम एक गुंजन देतो, आणि त्या गुंजनातूनच खर्जाच्या तारेतला गंधार वर येतो. पश्चिमेकडच्या विजेच्या गिटारला अशी जवारी मिळाली ती विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात. तिकडे तिला फझ म्हणतात. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्या मध्ये जमिनीवर एक लहान डबी ठेवायची आणि पायाने तिचा खटका दाबायचा. स्वच्छ स्वर तत्क्षणी खरखरीत, दाट आणि लांबट होतो. या डबीला संगीतात मानाची जागा मिळवून दिली ती प्रामुख्याने जिमी हेंड्रिक्स या वादकाने.

हे चरित्र आज सांगण्यास निमित्त आहे. माझे वडील दरबारचे सतारिये. त्यांच्या उतारवयात मी जन्मलो आणि जवारी घासतानाच्या आवाजात वाढलो. आता माझ्याकडे स्वरज्ञानासाठी येणाऱ्यांत गिटार वाजवणारी मुले पुष्कळ असतात. त्यांना या डब्या जमवण्याचा छंद जडला आहे. मोठ्या कारखान्यांत निघालेल्या नव्हेत, तर छोट्या कारागिरांनी एकेक हाताने जुळवलेल्या आणि किमतीला भारी अशा. हिचा आवाज लोकरीसारखा, तिचा वाळूसारखा, अशी तुलना तासन्‌तास चालते, आणि शेवटी प्रश्न एकच उरतो, की हेंड्रिक्सचा आवाज नेमक्या कोणत्या डबीत आहे? एकाने तर चांगली गिटार विकून जुनी डबी घेतली. म्हणून त्या हेंड्रिक्सने स्वतः काय केले, ते पाहणे अगत्याचे वाटते.

२७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल शहरात तो जन्मला. बाप ॲल लष्करात दूर. आई लुसील अवघी सतरा वर्षांची. पाळण्यातले नाव जॉनी ॲलन. बाप युद्धावरून परतल्यावर ते बदलून जेम्स मार्शल झाले. घरात दारिद्र्य आणि कलह. आईबाप विभक्त झाले आणि १९५८ साली आई वारली. त्यापूर्वी हा मुलगा केरसुणी हाती धरून गिटार वाजवल्याचा खेळ करी. कुणाच्या तरी घरचे भंगार उपसताना त्याला एक मोडके युकुलेले सापडले. त्याला तार एकच होती. त्या एका तारेवर तो रेडिओवरची गाणी हुडकू लागला. पुढे पाच डॉलरची जुनी गिटार आली, आणि १९५९ साली बापाने विजेची गिटार घेऊन दिली. मुलगा डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा फिरवून बांधून तो ती वाजवी, आणि ही सवय शेवटपर्यंत राहिली.

१९६१ साली चोरीच्या मोटारीत सापडल्यामुळे तुरुंग की लष्कर, असा प्रसंग आला. त्याने लष्कर निवडले आणि हवाई छत्रीधारी पथकात गेला. तिथे बिली कॉक्स हा मित्र व साथीदार भेटला. १९६२ साली लष्कर सुटले आणि मग चार वर्षे भटकंती. लिटल रिचर्ड, आयझली बंधू अशा नामांकित गायकांच्या मागे उभे राहून, इतरांसारखे कपडे घालून त्याने साथ केली. पैसा बेताचा आणि गिटार पुष्कळदा गहाण पडलेली. पण साथसंगतीच्या या वर्षांत कान तयार झाला. पुढे एकट्याने सभा जिंकणाऱ्या अनेकांच्या मागे अशी अज्ञात वर्षे असतात, हे आपल्या गावातील रसिकांस सांगायला नको.

इकडे फझचा जन्म अपघाताने झाला. नॅशव्हिल येथील एका ध्वनिमुद्रणात यंत्राचा एक भाग बिघडला आणि गिटारचा स्वर फाटून घरघरू लागला. तो तसाच ठेवला गेला, आणि मार्टी रॉबिन्सचे ‘डोंट वरी’ हे ते गीत १९६१ साली गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच बिघाड डबीत बसवला आणि १९६२ साली गिब्सन कंपनीने ‘माएस्ट्रो फझटोन’ या नावाने ती बाजारात आणली. प्रथम तिला फारसे कोणी विचारले नाही. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने तिचे भाग्य उघडले. पुढच्याच वर्षी लंडनच्या आर्बिटर कंपनीने वाटोळी, ध्वनिग्राहकाच्या खांबाच्या बुडासारखी दिसणारी एक डबी काढली. तिचे नाव ‘फझ फेस’.

नेमक्या त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६६ रोजी, हेंड्रिक्स लंडनला उतरला. न्यूयॉर्कच्या एका कॉफीगृहात त्याला ऐकून चॅस चँडलर या वादकाने त्याला तिकडे नेले होते. नोएल रेडिंग आणि मिच मिचेल हे दोन साथीदार मिळाले, आणि लवकरच फझ फेस त्याच्या पायाखाली आली.

ही डबी उघडून पाहणारा थक्क होतो, कारण आत जवळजवळ काहीच नाही. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि वरून फिरवायची दोन बटणे, असे ११ भाग आणि ९ व्होल्टची बॅटरी. काम एवढेच, की तारेच्या कंपनाची लाट खूप वाढवायची, इतकी की तिचे माथे डबीच्या मर्यादेला लागून कापले जावेत. माथा कापला गेला की मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतात. हीच ती घरघर. शिवाय तार मंदावत गेली तरी लाट बराच वेळ त्या मर्यादेपर्यंत पोचत राहते, म्हणून स्वर लांबतो. छेडलेल्या तारेला गजाने वाजवलेल्या तारेचा दम येतो. मात्र दोन स्वर एकदम वाजवले तर डबी त्यांची भेसळ करते. षड्ज-पंचम ती गोड मानून घेते, पण षड्जाबरोबर गंधार दिला की गढूळते. म्हणून या डबीवर काय वाजवावे याचाही विवेक लागतो.

सुरुवातीच्या डब्यांतले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. हा पदार्थ लहरी. एकाच कारखान्यातले, एकाच छापाचे दोन नग सारखे निघत नसत. एक लाट दुप्पट वाढवी, तर दुसऱ्यातून वीज नुसती झिरपे. उन्हाने किंवा दिव्यांच्या उष्णतेने आवाज बदले. म्हणून दहा फझ फेस म्हणजे दहा निरनिराळ्या डब्या. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. ते उष्णतेला स्थिर, पण आवाजाने अधिक तीक्ष्ण.

इथेच हेंड्रिक्सचा खरा स्वभाव दिसतो. १९६७च्या आरंभी त्याची गाठ रॉजर मेयर या तरुण तंत्रज्ञाशी पडली. मेयर ब्रिटिश नौदलाच्या खात्यात कंपन आणि ध्वनी यांच्या संशोधनाचे काम करीत. एकसारख्या दिसणाऱ्या अनेक डब्या आणायच्या, लावून पाहायच्या, कानाला पटेल ती ठेवायची आणि बाकीच्या बाजूला सारायच्या, असा या दोघांचा परिपाठ होता. म्हणजे डब्यांची तुलना करणाऱ्या आजच्या छांदिष्टांचा हेंड्रिक्स हा पूर्वजच. मेयर यांची ‘ऑक्टेव्हिया’ ही निराळी डबी तर स्वरासोबत त्याचा वरच्या सप्तकातला जोडीदार उभा करी. तो चमत्कार १९६७ सालच्या ‘पर्पल हेझ’ या गीतातल्या गिटारवादनात ऐकू येतो.

पण निवड झाली की तो डबीला विसरून जाई. फझ पूर्ण चालू ठेवून तो गिटारवरचे आवाजाचे बटण करंगळीने किंचित मागे घेई. तेवढ्याने तीच डबी घरघर टाकून काचेसारखा स्वच्छ स्वर देऊ लागे, आणि बटण पुढे सरकले की पुन्हा गर्जना. डबी आणि गिटार यांचे हे नाते फझ फेसच्या रचनेतच आहे. हेंड्रिक्सने त्याचे वादनतंत्र केले. आवाज बदलण्यासाठी त्याला दुसरी डबी लागत नसे, बोट पुरे होई.

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे त्याने रंगमंचावर गिटार पेटवली. वाद्याला पाय लागला तर कपाळाला हात लावणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे ते चित्र मला आजही बघवत नाही. त्या ज्वाळांनी त्याला जगभर नेले हे खरे, पण त्याच्यातला सूक्ष्म श्रोता त्या धुरात झाकला गेला, हेही खरे. लंडनमध्ये ब्रुक स्ट्रीटवर तो राहू लागला, तेव्हा शेजारच्या घरात दोन शतकांपूर्वी संगीतकार हँडेल राहत असे हे कळताच त्याने हँडेलच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिका आणून ऐकल्या. आज ती दोन्ही घरे मिळून एक संग्रहालय झाले आहे.

१८ ऑगस्ट १९६९ रोजी, सोमवारी सकाळी, वुडस्टॉकच्या उत्सवात तो वाजवायला उभा राहिला तेव्हा बरेच श्रोते परतले होते. तिथे त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत एकट्या गिटारवर वाजवले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. ओळखीच्या सुरावटीतून मध्येच बॉम्ब कोसळल्याचे, विमाने झेपावल्याचे आवाज फुटत होते. शब्द एकही नव्हता, पण अर्थ सर्वांना कळला. नॅशव्हिलच्या यंत्रातला बिघाड आठ-नऊ वर्षांत इथवर पोचला होता. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री आणि नववर्षाच्या दिवशी त्याने न्यूयॉर्कमध्ये बिली कॉक्सच्या साथीने मैफली केल्या. त्यांतले ‘मशीन गन’ हे वादन फझच्या इतिहासातले शिखर आहे, असे माझे मत आहे.

ऑगस्ट १९७० मध्ये न्यूयॉर्कला त्याचा स्वतःचा ध्वनिमुद्रणकक्ष सुरू झाला. पुढच्याच महिन्यात, १८ सप्टेंबरला, लंडनमध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिमात्रेनंतर ओकारीने श्वास कोंडून तो गेला. वय २७. लंडनला उतरल्यापासून मृत्यूपर्यंत पुरती चार वर्षेही झाली नव्हती.

मागे उरल्या त्या डब्या. आज कारागीर जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मोजून-पारखून जोड्या लावतात. पहिला कमी जोराचा आणि दुसरा त्याहून चढा, हा त्यांचा संकेत. मिरजेचा कारागीर भोपळे निवडतो, त्याच जातीचे हे काम आहे, आणि मी त्याला हसणार नाही. तुलना अवश्य करावी, पण नीट करावी. गिटार एक, ध्वनिवर्धक एक, वादक एक. डब्या फडक्याखाली झाकलेल्या. आणि सर्वांचा आवाज समान, कारण जरा मोठा असेल तो आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. नंतर गिटारचे बटण मागे घेऊन पाहावे. जी डबी तेव्हाही बोलते ती घ्यावी.

आणि मग तुलना थांबवावी. हेंड्रिक्सने निवड केली ती वाजवण्यासाठी. ज्याच्या लहानपणी वाद्य म्हणजे एक तार होती, त्याला एका डबीतून शंभर आवाज काढणे जड गेले नाही. ज्यांच्यापाशी शंभर डब्या आहेत, त्यांनी त्यांतली एक निवडून वर्षभर तिच्यावरच रियाज करून पाहावा. गिटार मात्र विकू नये.