जेवणाच्या टेबलावरची आगगाडी

हौसेला मोल नसते, असे आपण सहज म्हणून जातो. माझे सारे आयुष्य बँकेच्या नोकरीत गेले, त्यामुळे ही म्हण मला पुरती पटलेली नाही. हौसेला मोल असतेच. ते कोण चुकवतो आणि कोणत्या खात्यातून चुकवतो, एवढाच काय तो प्रश्न. मुलासाठी जत्रेतून चावीची आगगाडी आणणारा बाप असो, की पाहुण्यांसाठी चांदीची आगगाडी घडवून घेणारा राजा असो, हा प्रश्न दोघांनाही सुटत नाही. आज ज्या राजाची गोष्ट सांगायची आहे, त्याने या प्रश्नाचे उत्तर मोठे विलक्षण दिले. तो राजा म्हणजे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. रेल्वेमंत्री झालेले माधवराव नव्हेत, त्यांचे आजोबा.

आम्हा रहिमतपूरकरांना शिंद्यांचे ग्वाल्हेर दूरचे वाटत नाही. कण्हेरखेड हे त्यांचे मूळ गाव आमच्याच कोरेगाव तालुक्यातले. त्या गावच्या पाटील घराण्यातले राणोजी पेशव्यांच्या चाकरीत शिरले, त्यांचे पुत्र महादजी यांनी दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हाती घेतली आणि पुढे शिंद्यांचा संसार ग्वाल्हेरला कायमचा थाटला गेला. माणसे उत्तरेत राहिली, तरी मूळ गावाची ओळख त्यांनी टाकली नाही.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. वडील जयाजीराव यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, जयविलास हा अवाढव्य राजवाडा बांधून पुरा केला होता. त्याच्या दरबार हॉलमध्ये साडेतीन टनांचे एकेक असे दोन झुंबर आहेत. छत हा भार पेलेल की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, अशी कथा वाडा दाखवणारे आजही रंगवून सांगतात. अशा घरात वाढलेल्या मुलाला खेळण्यांची काय कमतरता! पण १८८६ मध्ये जयाजीराव वारले आणि अवघ्या नऊ वर्षांचा मुलगा गादीवर बसला. कारभार मंडळाच्या हाती गेला. पुढची आठ वर्षे घोडेस्वारी, इंग्रजी, हिशेब, कायदा असे शिक्षण चालले. १८९४ मध्ये, अठराव्या वर्षी, राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले.

या घराण्याच्या आठवणींत गंगाजळीची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. जयाजीरावांनी किल्ल्यात तळघरे करून त्यांत मोठे द्रव्य साठवले होते, आणि ते उघडण्याची खूण फक्त धन्यालाच ठाऊक असे. ती मुलाला सांगायच्या आतच त्यांना मरण आले. पुढे शोध घेऊन माधवरावांनी तो ठेवा बाहेर काढला, असे सांगतात. कथेचा तपशील बाजूला ठेवू. वडिलांनी पैसा पुरला आणि मुलाने तो फिरवला, हा दोन पिढ्यांतला फरक मात्र कागदोपत्री दिसतो. त्याकडे आपण येणारच आहोत. त्याआधी आगगाडी.

घरात आगगाडीचा खेळ मांडणाऱ्यांची एक ठरलेली वाटचाल असते. पहिल्या दिवशी रुळांचा एक गोल आणि त्यावर एक इंजिन. आठवड्याभरात गोल गोल फिरणारी गाडी पाहून कंटाळा येतो. मग एक सांधा घालून बाजूला दुसरा रूळ काढायचा. मग फलाट, मग सिग्नल, मग बोगदा, मग डोंगरावरचे गाव. पुण्याच्या कै. भाऊसाहेब जोशी यांनी अशीच आयुष्यभर जोपासलेली हौस १९९८ मध्ये कर्वे रस्त्याच्या परिसरात छोट्या रेल्वेचे संग्रहालय म्हणून सर्वांसाठी खुली केली. ज्यांनी ते पाहिले असेल, त्यांना कळेल की हे काम पुरे झाले असे कधी होत नाही. खेळणाराला नेहमी आणखी एक रूळ जोडावासा वाटतो.

माधवरावांचेही तेच झाले. फरक इतकाच, की त्यांच्या खेळण्यात माणूस बसू शकत होता. वाड्याच्या आवारात त्यांनी दोन फुटी मापाची छोटी रेल्वे टाकून घेतली. आपली नेरळ-माथेरानची गाडी याच मापाची. इंजिन चालवायला ते स्वतः शिकले होते, आणि अंगावर कोळशाची काजळी आली तरी त्यांना त्याचे काही वाटत नसे. गोल फिरून कंटाळा आल्यावर रूळ वाड्याबाहेर निघाले. शहराबाहेर पडून एक फाटा ईशान्येला भिंडकडे गेला, दुसरा नैर्ऋत्येला शिवपुरीकडे. १८९९ च्या डिसेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते या ग्वाल्हेर लाइट रेल्वेचे रीतसर उद्घाटन झाले. तिसरा फाटा चंबळच्या मुलखाकडे निघाला. १९०४ मध्ये तो जौरा आणि सबलगडला पोहोचला, १९०८ मध्ये वीरपूरला आणि १९०९ च्या जूनमध्ये श्योपूरला. ग्वाल्हेर ते श्योपूर हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. दोन फुटी मापाचे इतके लांब सलग मार्ग जगात थोडेच होते.

या तारखांकडे जरा निरखून पाहावे. १८९६-९७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा, ज्याला उत्तरेत छप्पनिया म्हणतात तो भयंकर दुष्काळ, या दोन्हींच्या काळात हे रूळ पडत होते. त्या मुलखात रस्ते नव्हते, ओढे-घळी मात्र पावलोपावली. धान्याचे पोते बैलगाडीने न्यायचे तर बैलांचा चाराही बरोबर न्यावा लागे. दोन फुटी रेल्वे स्वस्तात पडते, कारण वळणे अरुंद घेता येतात, भराव आणि पूल लहान लागतात, इंजिन हलके असते. मोठ्या रेल्वेच्या दृष्टीने ते खेळणे. पण ज्या गावाला काहीच नव्हते, त्या गावाला तीच खरी आगगाडी.

वाड्यात दुसरी आगगाडी धावत होती, ती जेवणाच्या टेबलावर. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी ही चांदीची गाडी घडवून घेतली. इंजिनाच्या मागे डबे, आणि एकेका डब्यावर शिंदे नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एकेक अक्षर, अशी सात अक्षरे. डब्यांवर काचेच्या नक्षीदार सुरया, त्यांत ब्रँडी आणि पोर्ट. शिवाय सुकामेवा आणि सिगार. जेवण आटोपल्यावर गाडी लांबलचक टेबलावरून प्रत्येक पाहुण्यापुढून जाई. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी जागच्या जागी थांबे, आणि सुरई परत ठेवली की पुढे निघे. वाढप्याने मागे उभे राहायला नको, की पाहुण्याने हाक मारायला नको.

बँकेच्या नोकरीत असताना मला ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला, तेव्हा जयविलासच्या संग्रहालयात ही गाडी पाहिली. तिची युक्ती विजेची शाळकरी माहिती असलेल्यालाही समजेल अशी आहे. वीज रुळांतून इंजिनाला मिळते. सुरई जागेवर असली की तिच्या वजनाने विजेची वाट जुळलेली राहते. ती उचलली की वाट तुटते. म्हणजे घराच्या दारावरच्या घंटीचे जे तत्त्व, त्याचीच ही उलटी बाजू. बघणारे बहुतेक जण चांदीकडे पाहून थक्क होतात. मला कौतुक वाटले ते त्या थांबण्याचे. ज्याला हवे आहे त्याच्यापुढे गाडीने थांबायचे आणि त्याचे झाले की पुढच्याकडे जायचे. स्टेशन म्हणजे तरी दुसरे काय असते?

या गाडीविषयी एक गमतीदार कथा जगभर पसरली आहे. १९४७ च्या सत्तांतरावर दोन परदेशी लेखकांनी १९७५ मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या पुस्तकात ती आहे. व्हाइसरॉयच्या मेजवानीत यंत्र बिघडले, गाडी बेफाम सुटली आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर रस्सा उडवत गेली, अशी ती कथा. माधवरावांचा स्वभाव थट्टेखोर होता, त्यामुळे अशी कथा त्यांच्या नावावर चिकटणे साहजिक आहे. पण मी पाहिलेल्या डब्यांवर सुरया आणि सुकामेव्याच्या जागा आहेत. रश्शाचे पातेले त्यांत कोठे ठेवणार? संस्थानिक म्हणजे चैनीत बुडालेला विदूषक, हे चित्र अशा कथांनी पक्के होते, आणि मग त्या माणसाचा बाकीचा हिशेब कोणी पाहत नाही.

तो बाकीचा हिशेब असा. १९०७ मध्ये टाटांची लोखंड-पोलादाची कंपनी निघाली. तिचे भाग सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत घेतले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातूनही आपण वाचली आहे. पण कारखाना उभारायला भांडवल लागते, तसे तो चालवायलाही लागते. त्यासाठी कंपनीने चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, आणि ते सगळेच्या सगळे एकट्या माधवराव शिंद्यांनी घेतले. त्या वेळच्या दराने साठ लाख रुपये! अशा पैशाला मराठी बँक-व्यवहारात फार छान शब्द आहे: खेळते भांडवल. पुरून ठेवलेला पैसा सुरक्षित असतो, पण तो खेळत नाही. गंगाजळीच्या वारसाला हे कळले होते.

तीच गोष्ट जहाजाची. १९०० मध्ये चीनमधल्या बॉक्सरच्या बंडाच्या वेळी त्यांनी ग्वाल्हेर नावाचे इस्पितळ-जहाज स्वखर्चाने सज्ज केले आणि स्वतःही चीनला गेले. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरात, त्यांनी कॅनडाच्या कंपनीचे एम्प्रेस ऑफ इंडिया हे जहाज घेतले. तेही इस्पितळ-जहाज झाले आणि त्याचे नाव ठेवले लॉयल्टी. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतले. कंपनीला नाव दिले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली, आणि तो दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ब्रिटिशांवरील निष्ठेचे नाव ल्यालेल्या जहाजानेच ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला धक्का द्यावा, हा इतिहासाचा विनोद माधवरावांनाही आवडला असता.

वहीची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. ही निष्ठा दिखाऊ नव्हती. मुलीचे नाव त्यांनी मेरी कमलाराजे ठेवले आणि मुलाचे जॉर्ज जिवाजीराव, इंग्लंडच्या राजाराणीवरून. इंग्रज पाहुण्यांच्या वाघाच्या शिकारींवर आणि मेजवान्यांवर अमाप पैसा गेला. चांदीच्या गाडीतली ब्रँडी भिंड-श्योपूरच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच आली, हे कोणत्याही कौतुकाने झाकता येत नाही. त्या शेतकऱ्याला टेबलावर जागा नव्हती. त्याला जागा मिळाली ती दुसऱ्या गाडीत.

त्या गाडीतून मीही थोडे अंतर गेलो आहे. आत जागा नव्हतीच. दुधाचे हंडे, शेळ्या, शाळेची पोरे, आणि टपावर बसलेली माणसे. श्योपूरला पोहोचायला दहा-अकरा तास लागत. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला ही रेल्वे कोणी बांधली ते ठाऊक होते, पण त्याचे त्याला काही विशेष वाटत नव्हते. ती होती आणि तिच्यातून बाजाराला जाता येत होते, एवढे त्याला पुरेसे होते.

माधवराव ५ जून १९२५ ला पॅरिसमध्ये वारले. वय अठ्ठेचाळीस. त्यांची छत्री शिवपुरीला, त्यांच्या आईच्या छत्रीसमोर आहे. जन्मभर ज्या आईचा शब्द त्यांनी मानला, तिच्याकडे तोंड करून. मागे राहिलेले जिवाजीराव नऊ वर्षांचेही पुरे नव्हते. बापाच्या वाट्याला आलेले पोरके राजेपण मुलाच्याही वाट्याला आले. नातू माधवरावांनी १९८६ ते १९८९ रेल्वे खाते सांभाळले, आणि १९८८ मध्ये दिल्लीहून ग्वाल्हेरमार्गे झाशीला जाणारी पहिली शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली.

चांदीची गाडी अजून जयविलासमध्ये जपून ठेवलेली आहे. श्योपूरची गाडी २०२० मध्ये बंद झाली. मार्गाचे रुंदीकरण हाती घेतले आणि दोन फुटी रूळ उखडले. भिंड आणि शिवपुरीला तर आधीच ब्रॉडगेज पोहोचली आहे. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. दहा तासांचा प्रवास कमी होत असेल, तर टपावर बसणाऱ्या माणसाने हळहळ का करावी? खेळ मांडणारा तरी दुसरे काय करतो? जुने रूळ काढतो आणि मोठे घालतो.

मात्र एक नोंद करून ठेवतो. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा तिच्यात जुन्या जीआयपीबरोबर सिंदिया स्टेट रेल्वेही विलीन झाली. वाड्याच्या बागेत सुरू झालेला तो रूळ असा बोरीबंदरच्या कारभारात आला. आमचे रहिमतपूर स्टेशनही आज मध्य रेल्वेतच आहे. कण्हेरखेडचा माणूस गाडी पकडायला इथे येतो, तेव्हा त्याच्या हातातल्या तिकिटावर त्याच रेल्वेचे नाव असते.