पत्रांना उत्तर देणारी बाई

लिडिया एस्टेस यांचा जन्म १८१९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, लिन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक. काही वर्षे त्यांनी शिक्षिकेचे काम केले. १८४३ साली आयझॅक पिंकहॅम यांच्याशी लग्न झाले व चारचौघींसारखा संसार सुरू झाला. बायकांच्या दुखण्यांवर झाडपाल्याचा काढा करून त्या शेजारणींना फुकट देत. १८७३ च्या मंदीत नवऱ्याचे दिवाळे निघाले, आणि १८७५ पासून तोच काढा डॉलरला एक बाटली या भावाने विकायची पाळी आली.

काढ्यात मुळ्या होत्या, मेथ्या होत्या (होय, आपल्या फोडणीतल्याच!) आणि शेकडा अठराच्या आसपास मद्यार्क होता. लिडियाबाई स्वतः दारूबंदीच्या पुरस्कर्त्या. पण मद्यार्क औषध टिकावे म्हणून आहे, असे त्याचे समर्थन केले जाई.

मुलांनी रस्तोरस्ती हस्तपत्रके वाटली, मग वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. १८७९ साली जाहिरातीत खुद्द लिडियाबाईंचे चित्र आले. साठीचा शांत चेहरा, गळ्याशी जाळीची झालर. जणू घरातली आजीच. विक्री भराभर वाढली. मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा, पुरुषाच्या नजरेस ते पडणार नाही, अशी हमीही जाहिरातींतून मिळू लागली.

बायकांनी विश्वास ठेवला याचे मला नवल वाटत नाही. पुरुष डॉक्टरापुढे बोलायची लाज, आणि बोललेच तर निरोगी अंडाशयसुद्धा कापून काढणारे शल्यविशारद त्या काळी होते. लिडियाबाई मात्र स्त्रीच्या शरीराविषयी साध्या भाषेत लिहीत. काढ्याने रोग बरे होत, याला पुरावा नव्हता. पण कोणीतरी आपले ऐकून घेते, एवढे तरी त्या बायकांना मिळत होते.

१८८३ साली लिडियाबाई वारल्या. जाहिराती थांबल्या नाहीत. पत्रे येत राहिली, मिसेस पिंकहॅमच्या नावे उत्तरे जात राहिली. फसवणूक म्हणायची ती इथे. १९०५ साली ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याचे छायाचित्रच छापले. बावीस वर्षांपूर्वीची मृत्यूची तारीख दगडावर स्पष्ट होती. कंपनीचा खुलासा असा, की मिसेस पिंकहॅम म्हणजे सूनबाई!

१९०६ च्या कायद्याने मद्यार्काचे प्रमाण बाटलीवर छापणे भाग पडले. खप तरीही वाढतच गेला, आणि १९२५ च्या सुमारास त्याने कळस गाठला. बाटलीवर चेहरा तोच होता.