भगवान बुद्धांचे वैद्य : जीवक

भगवान बुद्धांच्या काळी मगध देशाची राजधानी राजगृह ही होती व तेथे बिंबिसार राजा राज्य करीत होता. त्या नगरात सालवती नावाची गणिका राहत असे. तिला दिवस राहिले. ही गोष्ट बाहेर फुटली तर आपला मानमरातब जाईल, या भीतीने तिने आजाराचे निमित्त करून दार लावून घेतले. मुलगा जन्माला येताच तिने दासीकडून त्याला जुन्या सुपात घालून उकिरड्यावर टाकून दिले. राजपुत्र अभय त्याच वाटेने राजाच्या भेटीला निघाला होता. उकिरड्याभोवती कावळे जमलेले पाहून त्याने चौकशी केली. तेथे मूल आहे, आणि ते अजून जिवंत आहे, असे समजल्यावर त्याने ते उचलून वाड्यात नेले व दायांच्या हवाली केले. जिवंत सापडला म्हणून जीवक, आणि कुमाराने पोसला म्हणून कोमारभच्च, असे त्याचे नाव पडले. आयुर्वेदात बालकांच्या चिकित्सेच्या शाखेला कौमारभृत्य म्हणतात. त्या विद्येत तो निष्णात होता म्हणून हे नाव आले, असाही अर्थ काही विद्वान लावतात.

ही हकिकत विनयपिटकातील महावग्गात आली आहे. आपल्या घरांत ती मुलांना सांगितली पाहिजे, आणि त्याला कारण आहे. आयुर्वेद म्हटला की आपल्या वस्तीत दोन प्रकारची माणसे भेटतात. एकजण म्हणतो, ती भटाब्राह्मणांची पोथी आहे, आपल्याला काय करायची? दुसरा आठवडी बाजारात पथारी मांडून बसलेल्याकडून कसलीही पुडी घेतो व आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही, असे म्हणून गिळतो. दोघांनीही जीवक समजून घेतला पाहिजे.

मोठा झाल्यावर जीवकाने अभयाला आपले आईबाप कोण, असे विचारले. आईचा पत्ता अभयालाही नव्हता. वाढवले मी, म्हणून बाप मीच, एवढेच तो सांगू शकला. हाती विद्या नसेल तर राजवाड्यात आपला निभाव लागणार नाही, हे जीवकाने ओळखले आणि अभयाचा निरोपही न घेता तक्षशिलेची वाट धरली. राजगृह आजच्या बिहारात, तर तक्षशिला आजच्या पाकिस्तानात, रावळपिंडीजवळ. सरळ रेषेत मोजले तरी दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर. शिक्षणासाठी गाव सोडलेल्या आपल्या पहिल्या पिढीला या वाटेची कल्पना सांगायला नको.

तेथे एका नामांकित वैद्याजवळ तो सात वर्षे शिकला. भराभर शिके, चांगले ध्यानात ठेवी. पण ही विद्या संपणार तरी केव्हा, असा प्रश्न त्याला पडला. आचार्यांनी त्याच्या हाती खणायचे हत्यार दिले आणि तक्षशिलेभोवती एक योजनभर हिंडून औषधी नाही अशी वनस्पती आणायला सांगितले. जीवक सगळीकडे हिंडला आणि रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असे काही त्याला आढळलेच नव्हते. आचार्यांनी त्याचे शिक्षण पुरे झाले असे ठरविले व थोडी शिदोरी देऊन निरोप दिला.

ही परीक्षा पोथीतली नव्हती, ती माळावरची होती. पाथर्डी-जामखेडकडच्या माळावर तरवड, रुई, आघाडा, टाकळा उगवतो. कडुनिंबावर गुळवेल चढते. ही झाडे ओळखणारी माणसे आपल्याकडे कोण होती? अकोले तालुक्यातले ठाकर आणि महादेव कोळी, रानात गुरे राखणारे, गावोगाव हिंडणारे वैदू. अडलेल्या बाईची सुटका करणारी सुईण बहुधा आमच्याच वस्तीतली असे. ज्ञान त्यांच्या हातात होते. मान मात्र मिळाला नाही. मनुस्मृतीने तर वैद्याला श्राद्धाच्या पंक्तीत बसू दिले नाही व त्याच्या घरचे अन्न पुवासारखे मानले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या सत्याग्रहात जिचे दहन झाले, तीच ही मनुस्मृती. रोग्याचे रक्त-पू ज्याच्या हाताला लागते तो बाटला, असा तिचा हिशेब. तेव्हा आयुर्वेद ही एका जातीची मिरास आहे, हे म्हणणे त्यांच्याच धर्मशास्त्रापुढे टिकत नाही.

परतीच्या वाटेवर साकेत नगरात जीवकाची शिदोरी संपली. तेथल्या श्रेष्ठीची बायको सात वर्षे डोकेदुखीने हैराण होती. मोठमोठे वैद्य पैसे घेऊन गेले होते. या पोरसवदा वैद्याला ती उभी करीना. तेव्हा आधी काही देऊ नका, बरे वाटले तर मनाला येईल ते द्या, असा निरोप त्याने पाठविला. मग पसाभर तूप घेऊन ते औषधी घालून कढविले आणि बाईला उताणे निजवून नाकातून दिले. (पालीत या मापाला पसत म्हणतात, आपल्या बायका अजून पसा म्हणतात.) तूप तोंडावाटे आले, ते बाईने थुंकले आणि दासीला कापसाने टिपून ठेवायला सांगितले. जीवक चरकला. ही टाकाऊ तूप सोडीना, माझी मजुरी काय देणार? बाईने त्याच्या मनातले ओळखले. संसार करणारीला काटकसर कळते, दासांचे पाय चोळायला किंवा दिव्याला ते तूप चालेल, अशी तिने त्याची समजूत घातली. ती बरी झाली आणि त्या एका घरातून त्याला सोळा हजार नाणी, दास-दासी आणि घोड्यांचा रथ मिळाला. माणसे बक्षीस देण्याची ती रीत आपल्याला आज खुपते, आणि खुपलीच पाहिजे. पण ग्रंथात आहे ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हे सारे त्याने आपल्या संगोपनाची परतफेड म्हणून अभयापुढे ठेवले. अभयाने त्यातले काही घेतले नाही.

पुढे त्याने बिंबिसाराचा भगंदर लेपाने बरा केला. राजाने त्याला स्वतःचा, अंतःपुराचा आणि भिक्खुसंघाचा वैद्य नेमले. राजगृहातील एका श्रेष्ठीच्या डोक्याची शस्त्रक्रिया करून त्याने आतून दोन किडे काढले, असे महावग्ग सांगतो. वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राला कोलांट्या मारताना आतड्याची गाठ बसली होती. त्याचे पोट उघडून गाठ सोडविली, आतडी परत आत बसवून पोट शिवले. किड्यांची गोष्ट तशीच्या तशी खरी मानावी असे मला वाटत नाही. सांगताना ती वाढली असावी. पण चिरणे, शिवणे, लेप लावणे हा क्रम ज्या बारकाईने दिला आहे, त्यावरून त्या काळच्या लोकांनी शल्यकर्म पाहिले होते, हे उघड आहे.

एकदा मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय आणि अपस्मार हे पाच रोग फार पसरले. जीवकाला सवड होईना, तेव्हा त्याचे उपचार मिळावेत एवढ्यासाठी लोक प्रव्रज्या घेऊ लागले. बरे झाले की चीवर टाकून घरी जात. जीवकाने हे भगवंतांच्या कानावर घातले व असे रोग असणाऱ्यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. नियम कठोर वाटतो. पण गरिबाला वैद्य मिळत नव्हता, हे दुखणे त्याच्या मुळाशी होते. आपल्या जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने याच दुखण्याला हात घातला. त्यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत दलित बायका होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या.

वैशालीला जीवकाने पाहिले की गोडधोड भिक्षा मिळून भिक्खूंची शरीरे जड झाली आहेत व आजार वाढले आहेत. तेथे त्याने औषध दिले नाही. फेऱ्या घालण्यासाठी चंक्रम आणि घाम काढण्यासाठी वाफेचे स्नानगृह असावे, अशी त्याने तथागतांना विनंती केली व त्यांनी ती मान्य केली. आयुर्वेदाचे सार येथे दिसते. वात, पित्त, कफ हे तीन दोष तोलात, भूक व पचन ठीक, मळ-मूत्र साफ आणि मन प्रसन्न असेल तर माणूस निरोगी, असे सुश्रुताचे शास्त्र मानते. तो तोल राखण्यासाठी दिनचर्या व ऋतुचर्या सांगितली आहे : वेळेवर झोप, भुकेइतके जेवण, ऋतूप्रमाणे आहार, अंगमेहनत. रोगाचा विचार त्याच्या नंतरचा.

संयुत्तनिकायात याला जोडून एक महत्त्वाचा प्रसंग आहे. सीवक नावाच्या परिव्राजकाने विचारले की सुखदुःख सारे पूर्वकर्मानेच होते काय. भगवंतांनी पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, विषम वागणूक, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली, आणि सगळे पूर्वकर्मावर घालणे चूक ठरविले. घरात मूल तापाने फणफणले की मरीआई कोपली किंवा मागल्या जन्मीचे पाप भोवले, असे म्हणणाऱ्या आजीला हे समजावून सांगावे. देवऋषाचा अंगारा त्यात बसत नाही.

मात्र आयुर्वेदालाही मर्यादा आहेत. चरक-सुश्रुतांचे ग्रंथ आज मिळतात त्या रूपात जीवकानंतर कित्येक शतकांनी तयार झाले. जंतूंची ओळख त्यानंतरही फार उशिरा झाली. क्षयाला सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या पुऱ्या मुदतीपर्यंत घ्याव्यात, साप चावला तर लगेच दवाखाना गाठून प्रतिविष घ्यावे. काही भस्मांत पारा व शिसे असते. नावगाव नसलेल्या पुडीत काय आहे हे विकणाराही सांगू शकत नाही. वैद्याकडे जायचे तर शिकलेल्या, नोंदणी झालेल्या वैद्याकडे जावे. नगरात वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ सालीच आयुर्वेद महाविद्यालय काढले. आपल्या मुलामुलींनी असल्या महाविद्यालयांत प्रवेश घेऊन ही विद्या रीतसर शिकावी.

उज्जयिनीच्या प्रद्योत राजाला पंडुरोग झाला होता. तुपावाचून गुण येणार नव्हता आणि राजाला तुपाचा तिटकारा. जीवकाने औषधी घालून तुपाला काढ्याचा रंग, वास व चव आणली, ते पाजले आणि ओकारी होऊन राजाला कळायच्या आत भद्दवतिका नावाच्या हत्तिणीवर बसून पसार झाला. राजाने पाठलागाला काक नावाचा दास धाडला व त्याच्या हातचे काही खाऊ नको, असे बजावले. कोशांबीला त्याने जीवकाला गाठले. जीवक आवळा खात होता. त्याने अर्धा आवळा काकापुढे केला. स्वतःच खातो आहे तर भीती कसली, असे वाटून काकाने तो खाल्ला. त्यात नखाने औषध घातले होते. काक जुलाबाने तेथेच अडकला, जीवक राजगृहाला पोहोचला. प्रद्योत बरा झाला आणि रागाऐवजी त्याने सिवेय्यक नावाच्या अमोल वस्त्रांची जोडी भेट पाठविली.

त्याच सुमारास भगवंतांच्या शरीरात दोष साचले. त्यांना विरेचन हवे होते. जीवकाने आधी काही दिवस अंगाला तेल लावविले, मग तीव्र औषध न देता औषधी भरलेली कमळे हुंगायला दिली आणि पुढे प्रकृती ताळ्यावर येईपर्यंत पातळ आहार सुचविला. आज पंचकर्माच्या नावाखाली पुष्कळ दुकाने चालतात. रोग्याचे बळ पाहून उपचार हलका करण्याचा हा विवेक त्यांतल्या किती जणांत असेल, कोण जाणे.

मग जीवकाने ती वस्त्रे भगवंतांपुढे ठेवली. तोपर्यंत भिक्खू उकिरड्यावरच्या व स्मशानातल्या चिंध्या गोळा करून चीवरे शिवीत. हे वस्त्र आपण स्वीकारावे आणि गृहस्थांनी दिलेले चीवर संघाला घेता यावे, एवढे त्याने मागितले. भगवंतांनी दोन्ही मान्य केले. ज्याला चिंध्यांचेच चीवर घालायचे असेल त्याने ते घालावे, अशी मोकळीकही ठेवली. ही वार्ता राजगृहात पसरली, आणि त्या एकाच दिवसात लोकांनी हजारो चीवरे आणून दिली.