रोझा लक्झेंबर्ग : दोन्ही बाजूंची अडचण

मार्क्सवाद म्हणजे एका पक्षाची हुकूमशाही, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजही कोणास वाटत नाही. सोव्हिएत राजवट मार्क्सच्या सिद्धांतातून अपरिहार्यपणे निघाली, असे विरोधक म्हणतात. आणि गंमत अशी की, त्या राजवटीचे कैवारीही नेमके हेच म्हणत आले. रोझा लक्झेंबर्ग यांचे चरित्र या दोघांनाही गैरसोयीचे आहे.

१८७१ साली रशियाच्या अमलाखालील पोलंडात, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. झुरिक येथे पोलंडच्या औद्योगिक विकासावर प्रबंध लिहून १८९८ मध्ये त्या बर्लिनला आल्या. सुधारणांच्या वाटेने समाजवाद हळूहळू अवतरेल, असे मांडणाऱ्या बर्नस्टाइन यांचा त्यांनी लगेच कडाडून प्रतिवाद केला. तेव्हा त्यांच्या क्रांतिनिष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

युद्धविरोधापायी पहिल्या महायुद्धाची बहुतेक वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. तेथेच १९१८ साली त्यांनी रशियन क्रांतीवर टिपण लिहिले. लेनिन व ट्रॉट्स्की यांच्या धाडसाचा त्यांनी गौरव केला; परंतु निवडून आलेली घटनासमिती मोडणे, विरोधी वृत्तपत्रे बंद करणे, यांवर कठोर टीकाही केली. कामगारांची सत्ता म्हणजे सबंध वर्गाने उघडपणे चालवावयाची सत्ता. चर्चा व निवडणुका थांबल्या की उरते ती केवळ नोकरशाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि हा युक्तिवाद मार्क्सवादाच्या आतला होता, बाहेरचा नव्हे.

म्हणून त्यांना उदारमतवादी ठरविणेही चूकच. शेतकऱ्यांत जमीनवाटप आणि राष्ट्रांचा स्वयंनिर्णय ही लेनिन यांची धोरणे त्यांना मान्य नव्हती. येथे मात्र त्यांचेच चुकले, असे आम्हांस वाटते.

१९१८ च्या अखेरीस जर्मन कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. राष्ट्रीय सभेची निवडणूक लढवावी, हा त्यांचा आग्रह बहुमताने फेटाळला गेला. पंधरवड्यातच, १५ जानेवारी १९१९ रोजी, निमलष्करी सैनिकांनी त्यांची हत्या करून प्रेत कालव्यात फेकले. सरकार होते त्यांच्याच जुन्या पक्षाचे!

ते टिपण १९२२ साली प्रसिद्ध झाले. १९३१ मध्ये स्टालिन यांनी त्यांच्या विचारांचा जाहीर निषेध केला. पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारने त्यांच्या स्मृत्यर्थ दर जानेवारीत मिरवणूक काढण्याचा परिपाठ ठेवला. १९८८ च्या जानेवारीत काही नागरिक त्या मिरवणुकीत रोझांचेच स्वातंत्र्यविषयक वचन फलकावर लिहून निघाले. त्यांना अटक झाली, आणि त्यांच्यापैकी अनेकांची थोड्याच दिवसांत पश्चिम जर्मनीत रवानगी करण्यात आली.