यीस्टचा पारखी : एमिल क्रिस्तियान हान्सेन

दूध उत्तम असावे, भांडे स्वच्छ घासलेले असावे, आणि तरीही दह्याला तार सुटावी, असा अनुभव कोणत्या घरी येत नाही? अशा वेळी शहाणी गृहिणी दुधाला दोष देत बसत नाही. ती शेजारी वाटी पाठवून चांगले विरजण मागविते आणि दुसऱ्या दिवशी दही घट्ट व गोड लागते. विरजणात कोणते जीव नांदतात हे तिला ठाऊक नसेल. परंतु पदार्थाचा बरेवाईटपणा विरजणाच्या निवडीवर अवलंबून असतो, हे तिला पक्के ठाऊक असते. ही निवड डोळसपणे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव वेगळा करून कशी करावी, हे यीस्टच्या बाबतीत ज्याने जगाला प्रथम शिकविले, त्या एमिल क्रिस्तियान हान्सेनचे चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. हान्सेनचे कार्य बिअर गाळणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाले. हे वाचून काही पालकांच्या कपाळावर आठी उमटेल. मद्यपानाची शिफारस करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. ज्या सूक्ष्म जीवाचा हान्सेनने आयुष्यभर अभ्यास केला, तोच जीव पावाचे पीठ फुगवितो. गोव्यात तर पूर्वी पावासाठी माडाची ताडीच वापरीत, ती या जीवाकरिताच. विद्या कोठे जन्मास आली यापेक्षा ती किती प्रामाणिकपणे मिळविली, हे पाहणे विद्यार्थ्यांना अधिक हितकर होय.

हान्सेनचा जन्म डेन्मार्क देशातील रिबे या प्राचीन नगरात ८ मे १८४२ रोजी झाला. बाप घरांना रंग देण्याचे काम करी. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मुलाचे शिक्षण लवकरच थांबले. त्याच्या मनात चित्रकार व्हावे, नट व्हावे, अशी स्वप्ने होती. परंतु स्वप्नांनी पोट भरत नाही, म्हणून त्यानेही हाती रंगाचा कुंचला धरला. पुढे त्याला एका जमीनदाराच्या घरी मुलांचा शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. त्या भागात पेटर नील्सेन नावाचा एक शाळामास्तर राहत असे. पिकांवर पडणाऱ्या तांबेऱ्यासारख्या रोगांचा तो मोठा जाणकार होता. त्याच्या सहवासात हान्सेनला वनस्पतींचा, विशेषतः बुरशीच्या जातींचा, छंद जडला. खेड्यातील एका शिक्षकाने एका तरुणाच्या जीवनाला दिलेले हे वळण शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी सारखेच लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा तो १८७१ साली उत्तीर्ण झाला. त्या वेळी त्याचे वय एकोणतीस वर्षांचे होते. ज्या वयात इतर लोक शिक्षण संपवून संसारात स्थिर होतात, त्या वयात याने ओनामा गिरविला! खर्च भागविण्यासाठी तो कथाकादंबऱ्या लिही. १८७६ साल त्याला विशेष यशाचे गेले. जनावरांच्या शेणावर उगवणाऱ्या डेन्मार्कातील बुरशींवर त्याने लिहिलेल्या निबंधास त्या वर्षी सुवर्णपदक मिळाले. आणि एका सहकाऱ्याच्या साह्याने त्याने डार्विनच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे डॅनिश भाषांतरही त्याच वर्षी प्रसिद्ध केले. शेणावरची बुरशी हा विषय कोणाला हीन वाटेल. परंतु ज्याची दृष्टी सूक्ष्म असते त्याला सृष्टीत हीन असे काहीच दिसत नाही.

आता ज्या घरी त्याचे भाग्य उदयास आले त्या घराची थोडी माहिती दिली पाहिजे. कोपनहेगनचा जे. सी. याकोबसेन हा बिअरचा धंदा करणारा गृहस्थ शास्त्राचा मोठा भक्त होता. १८४५ साली तो जर्मनीतील म्युनिक शहरी गेला आणि तेथील यीस्ट घेऊन परत निघाला. घोडागाडीचा तो लांबचा प्रवास! यीस्ट उष्णतेने मरू नये म्हणून वाटेत थांबा येताच तो डब्यांवर थंड पाणी ओती. दोन वर्षांनी, १८४७ साली, त्याने नवा कारखाना उभारला व आपल्या कार्ल या मुलाच्या नावावरून त्यास कार्ल्सबर्ग असे नाव दिले. १८७५ साली त्याने कारखान्याला जोडून एक प्रयोगशाळा स्थापन केली. तेथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध गुप्त ठेवू नये, असा नियम तिच्या घटनेतच घातला होता. या प्रयोगशाळेत हान्सेनचा प्रवेश झाला आणि १८७९ साली तो तेथील शरीरक्रियाशास्त्र विभागाचा प्रमुख झाला.

त्या काळी बिअर वारंवार नासत असे. कधी ती कडू होई, कधी गढूळ राही, कधी तिला दुर्गंधी येई. हजारो पिपे ओतून द्यावी लागत. फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८७६ साली या विषयावर ग्रंथ लिहून दाखविले की, हा रोग सूक्ष्म जंतूंमुळे होतो. यीस्टमध्ये शिरलेले जंतू टार्टारिक आम्लाच्या साह्याने मारून यीस्ट शुद्ध करावे, असा उपायही त्याने सुचविला. पाश्चरची कीर्ती त्या वेळी दिगंत पसरली होती. तथापि हान्सेनच्या मनात एक शंका उभी राहिली. दोष नेहमी बाहेरच्या जंतूंचाच असतो काय? खुद्द यीस्टमध्येच बऱ्यावाईट जाती असल्या तर? प्रयोगांती त्याला आढळले की, पाश्चरच्या आम्लाने जंतू मरतात खरे, परंतु त्यायोगे रानटी यीस्टला उलट अधिक वाव मिळतो. थोरांविषयी आदर बाळगूनही त्यांचे मत तपासून घेता येते, याचा हा उत्तम दाखला होय.

रानटी यीस्ट येते तरी कोठून? या प्रश्नाचा माग काढण्यासाठी हान्सेनने बागा व मळे धुंडाळले. लिंबाच्या आकाराची पेशी असलेली यीस्टची एक जात त्याने निवडली, कारण ती नुसत्या आकारावरून ओळखता येई. उन्हाळ्यात ही जात पिकलेल्या रसाळ फळांवर वाढते. पावसाने व गळून पडलेल्या फळांबरोबर ती मातीत जाते. हिवाळाभर मातीत निद्रिस्त राहते. आणि पुढील वर्षी वारा व कीटक यांच्या साह्याने पुनः फळांवर चढते, असे तिचे वर्षाचे चक्र त्याने सिद्ध केले. बागेतील वाऱ्याबरोबर असे पाहुणे कारखान्याच्या उघड्या हौदात उतरतात, हे यावरून उघड झाले.

आता खरी अडचण पुढे आली. यीस्टची पेशी इतकी लहान की, शंभरावर पेशी ओळीने मांडाव्या तेव्हा एक मिलिमीटर भरेल. अशा कोट्यवधींच्या गर्दीतून एकच पेशी वेगळी काढावी कशी? हान्सेनने ती गोष्ट गणिताने साधली. यीस्ट मिसळलेल्या पाण्याच्या एका थेंबात किती पेशी आहेत, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. नंतर त्यात निर्जंतुक पाणी इतके वाढविले की, दोन घनसेंटिमीटर पाण्यात सरासरी एकच पेशी उरावी. मग निर्जंतुक रसाने भरलेल्या अनेक कुप्यांत त्याने एकेक घनसेंटिमीटर पाणी घातले. साहजिकच कित्येक कुप्या रिकाम्या राहत व कित्येकांत एक पेशी पडे. कुप्या नीट हलवून तो त्या निश्चल ठेवून देई. पेशी तळाशी बसे, तेथेच वाढे, आणि काही दिवसांनी तळावर एक पांढरा ठिपका दिसे. जेथे दोन ठिपके दिसत ती कुपी तो टाकून देई. जेथे एकच ठिपका दिसे तेथील सारे यीस्ट एकाच मातेची संतती होय, असे तो मानी. पुढे जर्मन शास्त्रज्ञ कॉख याच्या सरसाच्या पद्धतीचा उपयोग करून त्याने ही रीत आणखी सुलभ केली. एकाकी पेशीची जागा काचेवर नोंदवून तिची वाढ प्रारंभापासून डोळ्यांनी पाहता येऊ लागली.

या विद्येची कसोटी १८८३ साली लागली. कार्ल्सबर्गच्याच बिअरला वाईट चव येऊ लागली होती. हान्सेनने कारखान्यातील यीस्ट तपासून त्यातून चार जाती वेगळ्या केल्या. प्रत्येकीची स्वतंत्र परीक्षा घेता, एकाच जातीपासून निर्दोष पेय तयार होते, बाकीच्या बिघाड करतात, असे ठरले. याकोबसेनला हे प्रथम पटेना. ज्या यीस्टवर त्याने आयुष्य वेचले, ज्याला त्याने म्युनिकहून तळहातावरील फोडाप्रमाणे जपत आणले, त्यातच दोष आहे असे ऐकणे कोणाला रुचेल? परंतु हा वृद्ध गृहस्थ पुराव्यापुढे मान लवविणारा होता. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट कारखान्यात प्रथम वापरण्यात आले व ते पूर्णपणे यशस्वी झाले.

येथेच खरा मोह उभा होता. हे गुपित दाबून ठेवले असते तर याकोबसेनने सर्व प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकले असते. परंतु प्रयोगशाळेचा नियम स्पष्ट होता आणि त्याने तो पाळला. कृती छापून प्रसिद्ध झाली व शुद्ध यीस्टही इतर कारखान्यांना विनामूल्य देण्यात आले. हान्सेनने ही पद्धत स्वतःच्या नावावर विकून धन केले नाही.

विरोध मात्र पुष्कळ झाला. एकाच जातीच्या यीस्टने चव एकसुरी होईल, असे विशेषतः इंग्लंडातील धंदेवाल्यांचे म्हणणे होते. आणि त्यात तथ्यांशही होता. कार्ल्सबर्गच्याच प्रयोगशाळेतील क्लाउसेन या संशोधकाने १९०४ साली प्रसिद्ध केले की, इंग्रजी बिअरला मुरल्यानंतर येणारा खास गंध एका निराळ्याच यीस्टमुळे येतो. त्याने तिला ब्रेटानोमायसिस हे नाव दिले. म्हणजे एका घरी जी चोर ठरते ती दुसऱ्या घरी पाहुणी ठरू शकते. निवड कशासाठी करावयाची, हे आधी ठरविले पाहिजे.

ही गोष्ट बेल्जियम देशात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल. तेथील कित्येक बिअरांना येणारा लवंगेचा किंवा पिकल्या केळ्याचा वास मसाल्याचा अगर फळाचा नसून केवळ यीस्टचा असतो. कार्ल्सबर्गचे यीस्ट थंडाव्यात काम करते. बेल्जियमची ही यीस्टे वीस अंशांच्या आसपास व कधी त्याहूनही अधिक उष्णतेत काम करतात, आणि उष्णता वाढली की वासही वाढतो. ब्रुसेल्सजवळ लँबिक नावाचे पेय हवेतील रानटी यीस्टच्याच भरवशावर आंबवितात. ऑर्व्हालच्या मठात ब्रेटानोमायसिस मुद्दाम घालतात. उलट शिमे येथील मठात फादर थिओडोर यांनी १९४८ साली आपल्या यीस्टची शुद्ध जात वेगळी काढली. वेस्टमाल मठाचे यीस्ट वेस्टव्लेटरन मठाला दिले जाते, पण दोन्हींची चव भिन्नच राहते. पाश्चात्य देशांत जे लोक घरी असे पेय करतात, तेही आज यीस्ट निवडताना हेच प्रश्न विचारतात: ही जात किती उष्णता मागते, कोणता वास देते, किती साखर खाते, मद्यार्क किती सोसते, आणि काम संपताच तळाशी बसते की नाही? हे प्रश्न निश्चितपणे विचारता येतात, कारण प्रत्येक जात वेगळी करून ओळखण्याची वाट हान्सेनने घालून दिली.

१९०८ साली त्याने आपल्या निवडलेल्या जातीस कार्ल्सबर्गचे नाव देऊन तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ती दोन भिन्न जातींच्या संकरातून झाली आहे, असे अलीकडच्या शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. लिंबासारख्या आकाराच्या यीस्टच्या एका कुळास आज हान्सेनचेच नाव आहे. २७ ऑगस्ट १९०९ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, हा कष्टाळू संशोधक निवर्तला.

रंगाऱ्याचा मुलगा, उशिरा शिकू लागलेला, हाती पैसा नाही, पाठीशी कुलाचा मोठेपणा नाही. अशा मनुष्याने जगातील एका अत्यंत जुन्या धंद्याला शास्त्राची शिस्त लावली. त्याने हे केले ते मोजून, थांबून, संशयित कुपी निःशंकपणे टाकून देऊन. आमच्या विद्यार्थ्यांनी हा शेवटचा गुण विशेष उचलावा. दोन ठिपके दिसत असता एकच दिसतो असे मनाला समजावणे फार सोपे असते. हान्सेनने ते कधी केले नाही, आणि म्हणूनच त्याच्या एका ठिपक्यावर जगाने विश्वास ठेवला.